एक लिटर म्हणजे किती युनिट? घरच्या चार्जिंगचा आणि पेट्रोलचा खर्च नेमका कसा काढायचा

विजेच्या गाडीचा खर्च काढताना बहुतेक जण एकच हिशेब करतात. बॅटरी ४५ युनिटची, एका चार्जमध्ये गाडी ३०० किलोमीटर जाते, युनिटचा दर बिलावर छापलेला आहे. ४५ला दराने गुणायचं, ३००ने भागायचं, झालं. उत्तर इतकं सुखद येतं की पुन्हा तपासावंसं वाटत नाही. पण या हिशेबाला तीन ठिकाणी भोकं आहेत. मीटरमधून ४५ युनिट गेले म्हणजे बॅटरीत ४५ पोचले असं होत नाही. ३०० किलोमीटर हा कंपनीच्या चाचणीचा आकडा असतो, तुमच्या रस्त्याचा नाही. आणि बिलावरच्या दरांपैकी गाडीच्या युनिटांना नेमका कोणता दर लागतो, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. या तिन्ही चुका सहसा एकाच बाजूला झुकतात. वीज आहे त्याहून स्वस्त दिसते.

नीट हिशेब केला तरी घरचं चार्जिंग बहुतेक वेळा पेट्रोलला मागे टाकतं. पण कितीने, आणि कुठल्या परिस्थितीत टाकत नाही, हे खऱ्या आकड्यांशिवाय कळत नाही.

इथे पैशांऐवजी युनिटांत बोलू. एक लिटर पेट्रोलच्या किमतीत विजेचे किती युनिट येतात, हा एकच आकडा पंप आणि मीटर दोघांना एका तराजूत आणतो. दर कितीही बदलले तरी पद्धत तीच राहते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. चार्जरवर ‘७.४ किलोवॅट’ लिहिलेलं असतं, ते तासाला किती युनिट ओढले जातील हे सांगतं. गाडीत किती भरले, हे त्यावरून कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

पायरी १: मीटरवरचं ॲव्हरेज काढा

पेट्रोलच्या गाडीला आपण विचारतो, लिटरला किती देते? विजेच्या गाडीलाही तोच प्रश्न विचारायचा: मीटरमधून गेलेल्या एका युनिटला किती किलोमीटर देते? डॅशबोर्डवरचा आकडा हे त्याचं उत्तर नव्हे. डॅशबोर्ड सहसा बॅटरीतून बाहेर पडलेली वीज मोजतो. चार्ज होताना जी वीज वाटेतच उष्णता होऊन गेली, ती त्याला दिसत नाही. बिलात मात्र तीही येते.

मोजण्यासाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चार्जरच्या लाइनवर वेगळा सबमीटर. डीबीच्या, म्हणजे घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीच्या, पट्टीवर बसणारा छोटा डिजिटल मीटर असतो, इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात लावून देतो. वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवलेला चार्जर, असेल तर त्याच्या ॲपमध्ये युनिट दिसतात. तो आकडा बहुतेक वेळा पुरेसा असतो, फक्त एकदा मुख्य मीटरशी ताडून पाहा. सॉकेटमधून चार्ज करत असाल तर प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो. तो तासन्‌तास १० अँपिअर सहन करू शकतो का, हे आधी बघा. स्वस्तातले मीटर पहिल्याच रात्री तापून वितळल्याची उदाहरणं कमी नाहीत. यातलं काहीच नसेल तर मुख्य मीटरवरही भागतं. गाडी न लावता एका रात्रीचं रीडिंग घ्या, गाडी लावून दुसऱ्या रात्रीचं घ्या आणि वजाबाकी करा. दोन्ही रात्री घरातला बाकीचा वापर सारखा असावा, एवढंच पथ्य.

पेट्रोलचं ॲव्हरेज जसं ‘टाकी फुल ते टाकी फुल’ काढतात, तसंच इथेही:

१. गाडी एका ठरावीक टक्क्यापर्यंत चार्ज करा, समजा ८०. चार्जिंग संपल्यावर सबमीटरचं रीडिंग आणि ओडोमीटर लिहून ठेवा.

२. महिनाभर नेहमीसारखी गाडी चालवा. चार्जिंग फक्त या लाइनवरूनच करा. बाहेर कुठे चार्ज केलं तर ते युनिट वेगळे नोंदवा.

३. महिन्याअखेरी गाडी पुन्हा बरोबर त्याच टक्क्यापर्यंत आणा. दोन्ही रीडिंग पुन्हा घ्या.

४. किलोमीटर भागिले युनिट.

समजा महिन्यात १,२४० किलोमीटर झाले आणि सबमीटरने २१२ युनिट दाखवले. ॲव्हरेज आलं युनिटला ५.८५ किलोमीटर. त्याच महिन्यात डॅशबोर्ड म्हणत होता, शंभर किलोमीटरला १५ युनिट, म्हणजे एकूण १८६. मधले २६ युनिट कुठे गेले ते पुढे पाहू. एकूण युनिटांच्या सुमारे १२ टक्के फरक हा अगदी नेहमीचा आहे.

एक बारकावा. गाडीची बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची असेल तर मोजणी १०० ते १०० टक्के करा. या रसायनात चार्ज कमी-जास्त झाला तरी मधल्या पट्ट्यात व्होल्टेज फारसं हलत नाही. त्यामुळे गाडीला स्वतःचा टक्का ओळखणं कठीण जातं आणि बरेच दिवस पूर्ण चार्ज न झालेल्या गाडीत तो आकडा सरकलेला असू शकतो. तुम्हाला वाटतं ८०, प्रत्यक्षात असतात ७५, आणि महिन्याचा हिशेब तेवढ्याने बिघडतो.

महिनाभर थांबायचं नसेल तर कंपनीच्या कागदावरून अंदाज घेता येतो, पण योग्य आकडा उचलला पाहिजे. युरोपातली डब्ल्यूएलटीपी आणि अमेरिकेतली ईपीए, या दोन्ही चाचण्यांमध्ये वीजवापराचा आकडा भिंतीकडून मोजलेला असतो, म्हणजे चार्जिंगमधली गळती त्यात धरलेली असते. रेंज आणि बॅटरीची क्षमता यांचा भागाकार करून काढलेल्या आकड्यात ती नसते. दोन मालक एकाच मॉडेलबद्दल वेगवेगळे आकडे सांगतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

वाटेत वीज जाते कुठे

घरात येते ती एसी वीज, सतत दिशा बदलणारी. बॅटरीला लागते डीसी, एकाच दिशेने वाहणारी. हा बदल गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि त्यात साधारण ५ ते १० टक्के वीज उष्णता होऊन जाते. हे टाळता येत नाही.

दुसरा खर्च मात्र आपल्या हातात असतो आणि तोच सहसा कुणी पाहत नाही. चार्जिंग चालू असताना गाडी जागी असते. कंट्रोल युनिट, कूलंटचा पंप, कधी पंखा, शिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरणारं सर्किट, हे सगळं चालू राहतं. गाडीगाडीनुसार यावर काहीशे वॅट जातात. हा खर्च तासावर असतो, युनिटवर नाही. चार्जिंग जितकं मंद, तितके तास जास्त, तितका हा खर्च मोठा.

आकड्यात बघा. गाडीचा हा अंगचा खर्च ३०० वॅट आणि ऑनबोर्ड चार्जरची कार्यक्षमता ९३ टक्के धरू. बॅटरीत ३० युनिट भरायचे आहेत, व्होल्टेज २३०. ३२ अँपिअरवर चार्ज केलं तर मीटरमधून सुमारे ३४ युनिट जातात आणि साडेचार तास लागतात. १० अँपिअरवर साडेसदतीस युनिट आणि सोळा तास. ६ अँपिअरवर ४२ युनिट आणि तब्बल तीस तास. बॅटरीत पोचले तेवढेच ३०, पण ६ अँपिअरवाल्याने ३२ अँपिअरवाल्यापेक्षा ८ युनिट जास्तीचे भरले. प्रत्यक्षात अगदी कमी करंटवर चार्जरची कार्यक्षमताही थोडी घसरते, त्यामुळे फरक याहून मोठा असू शकतो.

‘हळू चार्ज केलं की बॅटरी टिकते’ असं ऐकून करंट मुद्दाम ६ अँपिअरवर ठेवणारे आहेत. बॅटरीवर ताण येतो तो मोठ्या डीसी फास्ट चार्जिंगचा. घरचा ३२ अँपिअर म्हणजे ७.४ किलोवॅट, गाडीच्या बॅटरीच्या मानाने तो मंदच आहे. करंट कमी ठेवायचं खरं कारण वायरिंग झेपत नसणं, हे असतं.

शिवाय उभ्या गाडीचा खर्च. ॲप सारखं उघडून टक्के बघितले की गाडी दरवेळी जागी होते. पार्किंगमध्ये कॅमेऱ्याने पहारा देणारी सोय चालू ठेवली तर ती २५० वॅटच्या आसपास ओढू शकते, म्हणजे दिवसाला ६ युनिट. वरच्या ॲव्हरेजने ते ३५ किलोमीटर झाले, गाडी जागची हललेली नसताना. स्वतःच्या आवारात ही सोय बंद ठेवा.

पायरी २: पेट्रोलचं खरं ॲव्हरेज

इथे फार सांगण्यासारखं नाही. पंपावर पहिल्या ‘क्लिक’ला थांबा, ओडोमीटर लिहा, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या क्लिकपर्यंत भरा. तीन टाक्यांची सरासरी घ्या. शक्यतो एकाच पंपावर, कारण नोझल बंद होण्याची जागा थोडी इकडेतिकडे होते.

तुलना मात्र एकाच रस्त्याची हवी. शहरातल्या थांबत-थांबत प्रवासात पेट्रोलचं इंजिन सिग्नलला उभं राहून जळतं आणि विजेची गाडी ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळवते. हायवेवर उलट होतं, पेट्रोलचं ॲव्हरेज सुधारतं आणि विजेचं घसरतं. एकाचा शहरातला आणि दुसऱ्याचा हायवेवरचा आकडा घेऊन हवं ते सिद्ध करता येतं. गाड्याही एकाच आकाराच्या हव्यात. लहान हॅचबॅक आणि मोठी एसयूव्ही यांची तुलना करून मिळतो तो इंधनाचा फरक नव्हे, वजनाचा.

पायरी ३: गाडीच्या युनिटांना लागणारा दर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. एकूण बिल भागिले एकूण युनिट करून जो सरासरी दर येतो, तो गाडीचा दर नाही. गाडी आली म्हणून बिल जेवढं वाढलं, तेवढंच गाडीच्या नावावर लिहायचं. घराचा दिवा-पंखा आधीपासून खालच्या टप्प्यात बसलेला आहे. गाडीचे युनिट त्यांच्या डोक्यावर, वरच्या टप्प्यांत जाऊन बसतात.

टप्प्याटप्प्याचा दर असेल तर असं मांडा. पहिल्या १०० युनिटांचा दर १ धरा, १०१ ते ३००चा २ आणि ३००च्या पुढचा ३. घराचा वापर महिना १८० युनिट. घराचं बिल झालं १०० अधिक १६०, म्हणजे २६०, सरासरी दर १.४४. आता गाडीचे २१२ युनिट आले. त्यातले १२० दुसऱ्या टप्प्यात बसले, उरलेले ९२ तिसऱ्यात. गाडीचं बिल २४० अधिक २७६, म्हणजे ५१६, आणि गाडीच्या युनिटाचा दर २.४३. सरासरी दर धरून हिशेब केला असता तर खरा खर्च त्याच्या जवळजवळ १.७ पट निघाला असता.

काही ठिकाणी नियम याहून कडक असतो, वरच्या टप्प्यात पाऊल पडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तिथे गाडीमुळे घराच्या जुन्या युनिटांवर वाढलेली रक्कमही गाडीच्याच खात्यात धरायची.

युनिटच्या दरावर टक्केवारीने लागणारे कर आणि अधिभार धरा. स्थिर आकार धरू नका, तो गाडी नसतानाही भरावा लागत होता. पण चार्जरसाठी मंजूर लोड वाढवून घेतला आणि त्यामुळे स्थिर आकार वाढला, तर तेवढी वाढ बारा महिने गाडीच्या नावावर.

गाडीसाठी वेगळं मीटर आणि वेगळा दर मिळत असेल तर दोन्ही पर्याय कागदावर मांडून बघा. वेगळ्या मीटरचा स्थिर आकार वेगळा असतो. महिन्याला ५० युनिट लागणाऱ्याला तो महाग पडू शकतो, ३०० लागणाऱ्याला नाही. वेळेनुसार दर असेल तर गोष्ट एकदम सोपी होते: रात्रीच्या किंवा ज्या कुठल्या स्वस्त तासांत चार्ज कराल, त्या तासांचा दर म्हणजे तुमचा दर. फक्त तपासा की हा पर्याय घेतल्यावर संध्याकाळच्या महाग तासांत घराचा खर्च किती वाढतो. स्वयंपाक, पाणी तापवणं, एसी, हे सगळं नेमकं त्याच तासांत चालतं.

पायरी ४: भागाकार

पेट्रोलच्या गाडीचं ॲव्हरेज भागिले विजेच्या गाडीचं मीटरवरचं ॲव्हरेज. समजा पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते. १५ भागिले ५.८५ म्हणजे २.५६. हा तुमचा बरोबरीचा आकडा. एका लिटरच्या पैशांत २.५६ युनिट येत असतील तर दोन्ही गाड्यांचा इंधनखर्च सारखा. त्याहून जास्त येत असतील तर वीज स्वस्त.

आता पेट्रोलचा लिटरचा दर भागिले पायरी ३ मधला युनिटचा दर. समजा आले १०. मग घरच्या चार्जिंगचा खर्च पेट्रोलच्या दहा भागांतले २.५६ भाग, सुमारे चौथा हिस्सा. समजा वीज महाग आणि पेट्रोल स्वस्त असलेल्या ठिकाणी हा आकडा ५ आला, तर निम्मा. ३ आला, तर बचत जेमतेम १५ टक्के, आणि हिवाळ्यात तीही राहणार नाही.

हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिनला छोट्या बॅटरी-मोटरची जोड असलेली, लिटरला २५ देत असेल तर तिच्याशी बरोबरीचा आकडा ४.२७ होतो. दहा युनिटच्या हिशेबात घरचं चार्जिंग अजूनही निम्म्याच्या आत बसतं, पण पाचच्या हिशेबात फरक फक्त १५ टक्के उरतो. कोणत्या पेट्रोल गाडीशी तुलना करतोय, यावर उत्तर इतकं हलतं.

बरोबरीचा आकडा इतका लहान का येतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट ऊर्जा असते. मीटरवरच्या ॲव्हरेजने तेवढ्या युनिटांत विजेची गाडी ५२ किलोमीटर जाईल. पेट्रोलची गाडी १५ जाते. बाकीची ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून निघून जाते.

बाहेरचं चार्जिंग मिसळलं की

फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो. तिथे एसीचं डीसी करण्याची गळती चार्जरच्या पेटीतच होते आणि मोजणी सहसा गाडीकडे जाणाऱ्या विजेची होते, म्हणून युनिटला किलोमीटर थोडे जास्त मिळतात, समजा ६.३. पण दर घरच्या तिप्पट असेल तर वरच्या उदाहरणात एका लिटरच्या पैशांत तिथले ३.३ युनिटच येतात आणि बरोबरीचा आकडा असतो २.३८. साध्या पेट्रोल गाडीपुढे बचत उरली २८-२९ टक्के. लिटरला २५ देणारी हायब्रिड मात्र इथे सरळ जिंकते.

महिन्याच्या युनिटांपैकी पाचवा हिस्सा जरी अशा चार्जरवर भरला तरी सरासरी दर घरच्या १.४ पट होतो. घरी चार्जिंगची जागाच नसेल तर या लेखातली अर्धी बचत विसरून हिशेब करावा लागतो. गाडी घेण्याआधीच.

आकडा हलवणाऱ्या गोष्टी

थंडी ही सगळ्यात मोठी. पेट्रोलच्या गाडीत हीटर म्हणजे इंजिनची वाया जाणारी उष्णता, जवळजवळ फुकट. विजेच्या गाडीत ती बॅटरीतून काढावी लागते. आणि हीटर किलोमीटरवर चालत नाही, तासावर चालतो. गर्दीत तासाभरात २५ किलोमीटर झाले आणि हीटरने २ युनिट खाल्ले, तर ५.८५चं ॲव्हरेज ४ वर येतं. तोच हीटर तासाला ८० किलोमीटरच्या प्रवासात चालला तर ते ५.१ वर थांबतं. म्हणून थंडीतल्या छोट्या फेऱ्या सगळ्यात महाग. निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच केबिन तापवून घेतली तर युनिट वाचत नाहीत, पण ते स्वस्त दराने मिळतात आणि रेंज टिकते. सीटचा हीटर हवेच्या हीटरपेक्षा कितीतरी कमी ओढतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हे नुकसान कमी असतं. गोठणबिंदूखाली तर बॅटरी स्वतःच आधी ऊब मागते, त्याशिवाय तिला नीट चार्ज घेता येत नाही.

उन्हाळ्यातला एसी त्यामानाने साधा, केबिन एकदा गार झाली की अर्धा ते एक किलोवॅट.

वेगाचं गणित निष्ठुर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलात तर दर किलोमीटरला हवा कापण्यासाठी लागणारी ऊर्जा १.७८ पट होते. टायरमधली हवा महिन्याला एकदा तपासा, हा फुकटातला फायदा आहे.

वायर, सॉकेट, टर्मिनल

इथे पैशांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागते, म्हणून थोडं थांबू. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण सलग सहा-आठ तास पूर्ण करंट ओढत नाही. इस्त्री, ओव्हन, पाण्याचा हीटर सगळे अधूनमधून बंद होतात. गाडी होत नाही. वर्षानुवर्षं चाललेलं सॉकेट म्हणूनच गाडी आल्यावर तीन महिन्यांत काळं पडतं.

आधी वायर. चार्जर डीबीपासून २० मीटर लांब, तांब्याची ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, करंट ३२ अँपिअर. जाऊन-येऊन ४० मीटरचा रोध ०.१७ ओहम आणि उष्णतेत जाणारी वीज १७५ वॅटच्या आसपास, म्हणजे २.४ टक्के. ६ स्क्वेअरची घातली तर ११७ वॅट, १० स्क्वेअरची तर ७०. अंतर १० मीटरच्या आत असेल तर हा फरक विसरा. ३० मीटर असेल तर जाड वायरचे पैसे वीज वाचून परत येतात आणि व्होल्टेज पडल्यामुळे चार्जिंग मध्येच तुटण्याची कटकटही टळते.

आता टर्मिनल. स्क्रू किंचित सैल राहिला आणि त्या एका बिंदूवर ०.०५ ओहमचा रोध तयार झाला, एवढंच धरा. ३२ अँपिअरवर त्या जागी ५१ वॅट उष्णता होते. चांगल्या सोल्डरिंग आयर्नएवढी, हरभऱ्याएवढ्या जागेत, रोज रात्री. एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की उडणारा स्विच) उडत नाही, कारण करंट तर बरोबरच आहे. स्क्रू तापतो, प्रसरण पावतो, थंड होतो, आणखी सैल होतो. खुणा ओळखा: प्लगच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळसर-तपकिरी होतं, पितळी पिनेवर निळसर झाक येते, वायरचं आवरण टर्मिनलपाशी कडक होऊन तडकतं आणि खोलीत सडक्या माशासारखा वास येतो. यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी चार्जिंग बंद.

नवीन जोडणी झाली की तासभर चार्जिंग चालू ठेवून प्लगला हात लावून बघा. कोमट चालतो. हात ठेवता येत नाही इतका गरम चालत नाही. बारीक तारांची मऊ वायर थेट स्क्रूखाली दाबू नका, लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, लावून घ्या. महिन्याभराने इलेक्ट्रिशियनकडून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, मेन स्विच बंद करून.

साध्या सॉकेटवर १० अँपिअरच्या पुढे जाऊ नका आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात वापरू नका. गुंडाळी केलेला तर नाहीच, आतले वेढे एकमेकांना तापवतात. चार्जरला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हवा. आरसीसीबी कोणत्या प्रकारचा, हे विचारा. गाडीकडून डीसी गळती झाली तर जुना एसी प्रकारचा आरसीसीबी आंधळा होतो आणि खरा शॉक बसताना उडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर ए प्रकार चालतो, नसेल तर बी प्रकार लागतो. अर्थिंग कमकुवत असेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत. तो चार्जरचा दोष नसतो.

किती अँपिअरचा चार्जर घ्यावा

महिन्याला १,२४० किलोमीटर म्हणजे रोजचे ७ युनिट. १६ अँपिअरवर, म्हणजे ३.७ किलोवॅटने, दोन तासांत काम होतं. स्वस्त दराची खिडकी चार-पाच तासांची असली तरी पुरते. त्यामुळे बहुतेकांना १६ अँपिअरची चांगली, पक्की लाइन पुरते. ७.४ किलोवॅटचा चार्जर रोज दीडशे किलोमीटरच्या वर धावणाऱ्यांसाठी, किंवा एका लाइनवर दोन गाड्या असतील तर. घराचा मंजूर लोड तोकडा असेल तर मुख्य वायरवर सेन्सर बसवून घरातला वापर वाढला की आपोआप करंट उतरवणारा चार्जर मिळतो.

बसवायचा खर्चही युनिटांतच मोजा. समजा तो ६,००० युनिटांच्या किमतीएवढा आला. महिन्याला १,२४० किलोमीटरला पेट्रोल लागलं असतं ८३ लिटर, दहाच्या हिशेबाने ८२७ युनिटांचे पैसे. वीज लागली २१२. बचत ६१५, म्हणजे दहा महिन्यांत खर्च वसूल. महिन्याला ३०० किलोमीटरच चालवणाऱ्याची बचत १४९ युनिटांची, त्याला चाळीस महिने लागतील. त्याने साधं, चांगलं इंडस्ट्रियल सॉकेट लावून १० अँपिअरवर भागवावं.

वेळापत्रक लावताना

स्वस्त तासांची वेळ गाडीत लावता येते आणि चार्जरमध्येही. एकाच ठिकाणी लावा. दोन्हीकडे लावली आणि दोन खिडक्या एकमेकींवर बसल्या नाहीत, तर सकाळी गाडी रिकामी मिळते. गाडी मागते तेव्हा चार्जर देत नाही, चार्जर देतो तेव्हा गाडी झोपलेली. वीज जाऊन आल्यावर काही चार्जरांचं घड्याळ मागे पडतं, महिन्यातून एकदा नजर टाका. चार्जिंग स्वस्त तास सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी लावा, म्हणजे मीटरचं घड्याळ थोडं मागे असलं तरी महाग दर लागत नाही.

छतावर सोलर असेल तर

सोलरची वीज फुकट नसते. गाडीत भरला नसता तर तो युनिट ग्रिडला गेला असता आणि त्याचं जे मिळालं असतं, तीच त्याची किंमत. ग्रिडकडून युनिटच्या दराच्या ०.४ पट मिळत असतील तर सोलरवर भरलेला युनिट तुम्हाला ०.४ ला पडला. पूर्ण दराने वळता होत असेल तर दिवसा भरा की रात्री, फरक नाही.

ढगांमुळे होणारा त्रास मात्र लक्षात घ्या. एसी चार्जिंगच्या मानकात ६ अँपिअरच्या खाली करंट जात नाही. सिंगल फेजवर ते सुमारे १.४ किलोवॅट, थ्री फेजवर ४.१. सोलर त्याखाली आला की एकतर चार्जिंग थांबतं नाहीतर ग्रिडमधून भर पडते. शिवाय ६ अँपिअरवर रेंगाळलं की वर पाहिलेली मंद चार्जिंगची गळती आहेच. दुपारच्या दोन-तीन भरल्या उन्हाच्या तासांत जास्त करंटने चार्ज करणं बरं.

प्लग-इन हायब्रिडवाल्यांसाठी

यांना बरोबरीचा आकडा रोज कामाला येतो, कारण दोन्ही इंधनं एकाच गाडीत आहेत आणि निवड प्रत्येक थांब्यावर करायची असते. बॅटरी संपल्यावर गाडी लिटरला १८ देत असेल आणि विजेवर मीटरवरचं ॲव्हरेज ५ असेल, तर आकडा ३.६. घरी एका लिटरच्या पैशांत दहा युनिट येतात, तिथे रोज रात्री प्लग लावा. हायवेवरच्या चार्जरवर तिथल्या दराने तीनच येत असतील, तर प्लग न लावता पेट्रोलवरच पुढे जा.